वावरातले पालाश आणि झाडाचे दार



मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. वनस्पतिशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. तरीही आज झाडाच्या पेशीतल्या एका अतिसूक्ष्म दाराविषयी आपल्याशी बोलणार आहे. याला कारण झाला तो राळेगाव तालुक्यातल्या माझ्या आजोळच्या गावचे एक मामा यांनी विचारलेला प्रश्न.

एके वर्षी सप्टेंबर महिन्यात हे मामा यवतमाळला आमच्या घरी आले. एका हातात माती परीक्षणाचा कागद आणि दुसऱ्या हातात पऱ्हाटीची चारदोन पाने. पाने काठाने आधी पिवळी आणि मग तपकिरी झालेली, जणू कोणी निखाऱ्याजवळ धरून काढली असावीत. ओट्यावर टेकता टेकताच ते म्हणाले, "भाचेबुवा, हा कागद म्हनते का वावरात पालाश भरपूर हाय. अन् दुकानवाला हे पानं पाहून म्हनते का पालाश कमी पडलं. त्याच्या सांगन्यावरून दोन पोते टाकले बी. फरक काईच नाई. मंग खोटं कोन बोलून राह्यलं?"

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढे वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले, पुस्तके चाळली, आणि ध्यानात आले की खोटे कोणीच बोलत नव्हते. कागद जमिनीविषयी बोलत होता आणि पान झाडाविषयी. जमिनीतले पालाश आणि झाडातले पालाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंच्या मध्ये एक दार आहे. ते दार झाड स्वतः घडवते, स्वतः उघडते आणि स्वतःच बंद करते. ते उघडायला जे लागते ते खताच्या पोत्यात मिळत नाही. ही गोष्ट नीट समजली तर पुष्कळ पैसा वाचेल, म्हणून ती आज सविस्तर सांगतो.

आधी पालाश म्हणजे काय ते पाहू. पालाश म्हणजे पोटॅशियम. आपल्या घरातली त्याची सर्वांत जुनी ओळख म्हणजे चुलीतली राख. पऱ्हाटी आणि तुराटी जळून गेली की त्यांतले नत्र धुराबरोबर निघून जाते, पण पालाश बरेचसे राखेत उरते. इंग्रजीतला 'पोटॅश' हा शब्दही भांड्यात उकळलेल्या राखेवरूनच आला. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०७ साली अशाच क्षारातून विजेच्या साहाय्याने हा धातू प्रथम वेगळा केला. आज आपण जे म्युरेट ऑफ पोटॅश वापरतो ते खाणींतून निघते आणि आपल्या देशात ते जवळजवळ सगळे परदेशातून येते. म्हणजे प्रत्येक पोते समुद्र ओलांडून आलेले असते. ते वाया जाणे कोणालाच परवडणारे नाही.

आता आपली जमीन. यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग बसाल्ट खडकापासून झालेल्या काळ्या मातीचा आहे. या मातीतली चिकण पापुद्र्यापापुद्र्यांची असते. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपण दरसाल पाहतो. या पापुद्र्यांवर आणि त्यांच्या फटींत पालाशचे कण धरून ठेवलेले असतात. म्हणूनच खोल काळ्या जमिनीच्या तपासणीत पालाश बहुधा समाधानकारक निघते. उतारावरच्या बरड, मुरमाड जमिनीत हा साठा कमी असतो. पण साठा कितीही असो, मुळाला मिळते ते फक्त पाण्यात विरघळलेले पालाश. आणि ते पाण्यात फार विरळ असते. मुळाच्या पेशीत त्याची तीव्रता बाहेरच्या ओलाव्यापेक्षा शंभरपट, कधी कधी हजारपटही असते. धान्याच्या भरलेल्या कोठीत आणखी दाणे भरायचे तर ते आपोआप आत जात नाहीत, कोणाला तरी मेहनत करावी लागते. झाडाचेही तसेच आहे.

ही मेहनत कोठे होते ते पाहायला पेशीच्या काठावर जाऊ. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. त्याला पेशीपटल म्हणतात. आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाइतकी त्याची जाडी. हा पडदा तेलकट पदार्थाचा असतो. पालाशचा कण पाण्यात असताना त्यावर धनविद्युतभार असतो आणि त्याभोवती पाण्याच्या रेणूंचे वेढण असते. असला कण तेलातून जाऊ शकत नाही. म्हणून पडद्यात जागोजाग दारे बसवलेली असतात. ही दारे प्रथिनांची असतात. डाळीत आणि दुधात असतात तीच प्रथिने, फक्त घडण निराळी.

अशी दारे असावीत असा तर्क पुष्कळ वर्षांचा होता, पण पुरावा मिळायला वेळ लागला. १९८४ साली श्रोडर, हेड्रिख आणि फर्नांडेस या शास्त्रज्ञांनी बाकला या शेंगवर्गीय झाडाच्या पानातल्या पेशीवर काचेच्या नळीचे अतिबारीक टोक टेकवून एकेका दारातून वाहणारा विजेचा प्रवाह मोजला. पुढे १९९२ साली अशा दोन दारांचे आराखडे, म्हणजे त्यांची जनुके, हाती लागली. ती मिळाली कशी, ही गोष्ट मोठी गमतीची आहे. पाव फुगवायला आपण यीस्ट वापरतो. शास्त्रज्ञांनी असे एक यीस्ट घेतले की ज्याची स्वतःची पालाश ओढण्याची शक्ती नाहीशी झाली होती. थोड्या पालाशवर ते उपाशी मरे. मोहरीच्या कुळातले अरबिडॉप्सिस नावाचे एक बारीकसे तण आहे. त्याची जनुके या यीस्टमध्ये एकेक करून घातली. बहुतेक यीस्ट मेले, पण काही जगले. जे जगले त्यांना झाडाचे दार मिळाले होते! या दोन दारांना 'केएटी-१' आणि 'एकेटी-१' अशी नावे पडली. पहिले मुख्यतः पानांच्या रंध्रांशी असते आणि दुसरे मुळांत.

हे दार झाड बनवते कसे? आपल्या घराची चौकट आठवा. दोन उभी लाकडे, वर एक, खाली एक, अशी चार लाकडे जुळली की मध्ये जी मोकळी जागा राहते तीच वाट. पालाशचे दारही चार भागांचे असते. प्रत्येक भाग म्हणजे प्रथिनाची एक लांब साखळी. केएटी-१ च्या एका साखळीत ६७७ मणी आहेत. ही साखळी पेशीच्या आतल्या कारखान्यात ओवली जाते आणि ओवता ओवताच शिवणाच्या टाक्यासारखी पडद्यातून सहा वेळा आरपार जाते. सुटी साखळी म्हणजे दार नव्हे. चार साखळ्या शेजारी शेजारी येतात, त्यांची आतल्या बाजूला लोंबणारी शेपटे एकमेकांना ओळखतात, गुंततात, आणि चौघींच्या मधोमध एक वाट तयार होते. मग हे तयार दार बारीक फुग्यात बसून पेशीच्या काठापर्यंत जाते आणि तेथल्या पडद्यात बसवले जाते.

या चार भागांत सगळे एकाच जातीचे असलेच पाहिजेत असे नाही. मुळांच्या दारात एकेटी-१ च्या जोडीला 'केसी-१' नावाचा एक भाग येतो. हा एकटा असला तर कारखान्यातच अडकून राहतो आणि त्याचे दार होतच नाही. पण एकेटी-१ च्या सोबतीने चौकटीत बसला की तो मोठे काम करतो. जमिनीत पालाश फार कमी असेल तेव्हा उघडे दार धोक्याचे, कारण आतले पालाशच बाहेर गळू शकते. केसी-१ असलेले दार सहजासहजी उघडत नाही, आत ओढण्याचा जोर पुरेसा असेल तेव्हाच उघडते. आपल्याकडे दावणीला एक अवखळ बैल असला तर त्याच्या जोडीला शांत बैल जुंपतात, त्यातलाच हा प्रकार. दार कोणत्या भागांचे जुळवायचे हे ठरवून झाड आपला स्वभाव जमिनीप्रमाणे बदलते.

आता एक कोडे. जमिनीत पालाशसारखाच दुसरा कण असतो, तो सोडियमचा, म्हणजे मिठातला. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडच्या खारपाण पट्ट्यात तर त्याचा त्रास फारच. सोडियमचा कण पालाशच्या कणापेक्षा लहान आहे. मग ज्या वाटेने मोठा कण जातो त्या वाटेने लहान कण सहज जायला हवा. पण तो बहुधा बाहेरच राहतो. असे का?

विहिरीत उतरणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. अरुंद विहीर, दोन्ही बाजूंच्या भिंतींत पाय ठेवायला खोबणी. मोठा माणूस एक पाय या भिंतीला आणि एक त्या भिंतीला रोवून आरामात उतरतो. लहान मूल मात्र उतरू शकत नाही, कारण त्याचे पाय दोन्हीकडे एकदम पोचत नाहीत. ते आईचा हात सोडायलाच तयार होत नाही. दाराच्या सर्वांत अरुंद जागी चारही भागांचे प्राणवायूचे अणू अशाच खोबण्यांसारखे रांगेने बसवलेले असतात. पालाशचा कण आपल्याभोवतीचे पाणी सोडतो, कारण तेवढाच आधार त्याला या अणूंकडून चहूबाजूंनी मिळतो. सोडियमच्या लहान कणाला हा आधार सर्व बाजूंनी नीट पोचत नाही, म्हणून तो पाण्याला चिकटून राहतो आणि दाराबाहेर अडतो. ही रचना रॉडरिक मॅकिनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९८ साली एका जंतूच्या दारात प्रत्यक्ष दाखवली. त्यासाठी त्यांना २००३ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जंतू, झाड आणि माणूस या तिघांच्या पालाश-दारांत ही अरुंद जागा जवळजवळ सारखीच आहे. आपले हृदय ज्या तालावर चालते त्यालाही असलीच दारे लागतात. केएटी-१ ची संपूर्ण आकृती तर अगदी अलीकडे, २०२० साली, शास्त्रज्ञांच्या हाती आली.

दार झाले, निवडही झाली. पण उघडते कशाने? येथेच आपल्या मामांच्या प्रश्नाची किल्ली आहे.

पेशीच्या पडद्यात दारांखेरीज पंपही असतात. हे पंप पेशीतला हायड्रोजनचा धनभारित कण उचलून बाहेर टाकतात. धनभार बाहेर गेला की पेशीची आतली बाजू ऋण होते. हा विजेचा दाब साधारण दीडशे मिलिव्होल्टपर्यंत, म्हणजे टॉर्चच्या एका सेलच्या दहाव्या हिश्श्याइतका असतो. आपल्याला तो क्षुल्लक वाटेल, पण पेशीला पुष्कळ आहे. साधारण साठ मिलिव्होल्टला दहापट असा हिशोब धरला तर एकशेवीस मिलिव्होल्टवर पालाश बाहेरच्यापेक्षा शंभरपट आणि एकशेऐंशीवर हजारपट साठवता येते. दाराच्या प्रत्येक साखळीचा चौथा टाका हा विजेचा दाब ओळखणारा असतो. आतली बाजू पुरेशी ऋण झाली की तो सरकतो, कडी निघते, आणि धनभारित पालाश ऋण पेशीकडे ओढले जाते. एका दारातून एका सेकंदात लाखोंच्या संख्येने कण आत जातात.

मुळांच्या दाराला आणखी एक कुलूप आहे. पालाश कमी पडू लागले की पेशीत चुनखतातला कॅल्शियम निरोप्याचे काम करतो. त्याच्या निरोपावरून एक मदतनीस प्रथिन एकेटी-१ च्या शेपटीला फॉस्फेटची खूण लावते आणि मगच दार जागे होते. ही साखळी २००६ साली उलगडली.

म्हणजे दार चालते ते पंपाच्या जोरावर. आणि पंप चालतो कशावर? पानात तयार झालेली साखर मुळाशी जाते. तेथे ती हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने जळते आणि शक्ती निर्माण होते. प्राणवायू असेल तर साखरेच्या एका रेणूपासून शक्तीची तीसेक नाणी मिळतात, आणि प्राणवायू नसेल तर फक्त दोन. आता आपल्या काळ्या मातीत आठ दिवस पाणी साचले तर काय होईल? मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजारपट मंद सरकतो. मूळ गुदमरते, पंप थकतो, विजेचा दाब उतरतो, आत घेणारी दारे मिटतात. एवढेच नव्हे, तर आतले पालाश बाहेरही गळू लागते. भोवती पालाशचा साठा आहे आणि झाड उपाशी! नदीकाठी उभे राहून तहानेने मरावे असा हा प्रकार.

मी मामांना फोन करून विचारले, "मामा, पाने कोणत्या अंगाची आणली होती?" ते म्हणाले, "नाल्याकडच्या. तिकडं चिभडलं होतं ना पोळ्याच्या पावसात." "आणि वरच्या धुऱ्याकडची?" "ते तं मस्त हिरवीगार हाय. तेच बियानं, तेच खत." पुढे मी स्वतः जाऊन नाल्याकडचे एक झाड उपटले. मुळे तपकिरी, मऊ, कुजका वास मारणारी. वरच्या अंगाचे झाड उपटायला दोन हात लागले, आणि मुळे पांढरी निघाली. ज्या ठिकाणी मामांनी दोन पोती टाकली होती त्या ठिकाणी झाडाला पालाशची नव्हे, हवेची टंचाई होती.

पालाश आत गेले की करते काय, तेही थोडक्यात सांगतो. नत्राची प्रथिने होतात, स्फुरद शक्तीच्या देवघेवीत गुंतते. पालाश मात्र कशाचाच भाग होत नाही. ते मोकळ्या कणाच्या रूपात राहते, आणि त्याच्या पाठोपाठ पाणी येते. पाणी आले की पेशी फुगते. हा फुगवटा हेच पालाशचे मोठे काम.

पानावर लक्षावधी बारीक रंध्रे असतात. प्रत्येक रंध्राला ओठांसारख्या दोन रक्षक पेशी असतात. सकाळी उजेड पडला की त्यांचे पंप सुरू होतात, केएटी-१ ची दारे उघडतात, पालाश आत, पाणी आत, पेशी फुगून बाहेरच्या बाजूला वाकतात आणि रंध्र उघडते. त्यातून हवा आत येते, अन्न तयार होते, आणि वाफ बाहेर जाते. जमीन कोरडी पडली की उलटा क्रम. तहानेच्या वेळी झाड एक द्रव्य तयार करते. त्याचे नाव ॲब्सिसिक आम्ल. कापूसवाल्यांनी हे नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ॲडिकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली हे द्रव्य कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून वेगळे केले. बोंडे गळतात का, याचा ते शोध घेत होते! हे द्रव्य आले की रक्षक पेशीतून आधी ऋणभारित कण बाहेर जातात, विजेचा दाब उतरतो, बाहेर सोडणारी वेगळी पालाश-दारे उघडतात, पालाश आणि त्यामागून पाणी बाहेर पडते, आणि रंध्र मिटते. केएटी-१ ची काही दारे तर झाड पडद्यातून काढून आत घडी करून ठेवते, आणि संकट टळल्यावर पुन्हा बसवते. पालाश अपुरे असलेल्या झाडाला रंध्रे नीट उघडता-मिटता येत नाहीत. अशा झाडाला ऑगस्टमधली पावसाची उघडीप जास्त जाचते.

आणि आता आपले पांढरे सोने. सरकीवरचा कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे एकच पेशी. फूल उमलते त्या दिवशी ती सरकीच्या सालीवर डोळ्याला न दिसणारा उंचवटा असते. पुढच्या सुमारे तीन आठवड्यांत ती अडीच-तीन सेंटीमीटर लांब होते. हे ताणणे पाण्याच्या दाबाने होते, आणि तो दाब टिकवणारी मुख्य द्रव्ये म्हणजे पालाश, मॅलिक आम्लाचा क्षार आणि साखर. पालाश आणि या क्षाराची जोडी धिंडसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली दाखवली. २००१ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना असे आढळले की धागा जोमाने वाढत असताना शेजारच्या पेशींशी असलेल्या त्याच्या वाटा काही दिवस मिटतात. मग जे यायचे ते पडद्यातल्या वाहक प्रथिनांमधूनच येते, आणि आतला दाब वाढतो. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व बंद असल्याशिवाय हवा टिकत नाही, तसेच हे. दाब कमी पडला तर धागा आखूड राहतो, आणि आखूड धाग्याला बाजारात भाव कसा मिळतो हे मी तुम्हाला सांगायला नको. धागा भरल्यानंतर पालाशचा मोठा वाटा बोंडाच्या सालीत जमा झालेला असतो.

म्हणून पाते लागल्यापासून बोंडे भरेपर्यंत पालाशची गरज सर्वांत मोठी असते. २००२ सालापासून आपल्याकडे बीटी कपाशी आली. अळीने होणारी बोंडांची गळ कमी झाली की थोड्या दिवसांत पुष्कळ बोंडे एकदम भरू लागतात आणि मागणीचा ताण एकाच वेळी येतो. नेमके त्याच सुमारास आपल्याकडे एक तर पावसाची झड असते किंवा लांबलेली उघडीप. दार कामाला लागायला हवे, आणि तेव्हाच त्याची शक्ती गेलेली असते.

यावरून शेतावर काय करायचे? चार गोष्टी सांगतो.

पहिली, पाण्याला वाट द्या. पेरणीपूर्वीच उताराकडे चर काढा आणि सखल भागात सरी-वरंबा करा. पाणी साचले तर आधी ते काढा, खताचा विचार नंतर. लांबलेल्या उघडिपीनंतर जोराचा पाऊस पडला की पऱ्हाटी एकाएकी माना टाकते. या आकस्मिक मरमध्येही पहिले काम पाणी काढण्याचेच. वाफसा येताच डवरणी केली की जमिनीवरची पापडी फुटते आणि मुळाला हवा मिळते. डवरा हे मूळ गुदमरू न देणारे अवजार आहे, असे म्हटले तरी चालेल.

दुसरी, माती तपासा आणि तो कागद जमिनीच्या अंगाअंगाप्रमाणे वाचा. धुऱ्याकडची बरड आणि नाल्याकडची भारी जमीन यांचा नमुना एकत्र करू नका. हलक्या जमिनीत पालाश खरोखर कमी असू शकते, आणि तेथे ते दिलेच पाहिजे. दार कितीही चांगले असले तरी दारात यायला कोणी हवेच.

तिसरी, पान पाहून घाई करू नका. पालाशच्या कमतरतेत पान काठाकडून करपते. पण लाल्याची कारणे पुष्कळ आहेत. मॅग्नेशियम किंवा नत्राची उणीव, रात्रीची थंडी, तुडतुडे, पाण्याचा ताण, साचलेले पाणी, यांपैकी कशानेही पान लाल होते. तेव्हा एक झाड उपटून मुळे पाहा. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या शिफारशी कृषी विज्ञान केंद्रात मिळतात. खताची मात्रा त्यांच्याकडून घ्या, ऐकीव गोष्टीवरून नको.

चौथी, चुलीतली राख उकिरड्यावर उघडी टाकू नका. तिच्यातले पालाश पाण्यात विरघळते आणि पहिल्या पावसातच वाहून जाते. राख कोरडी ठेवा आणि परसातल्या वांग्या-मिरच्यांना थोडी थोडी द्या.

शिक्षक मित्रांसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. दोन लांबट फुगे घ्या. प्रत्येकाच्या एका बाजूला लांबीने चिकटपट्टी लावा. पट्टीच्या बाजू समोरासमोर ठेवून दोन्ही टोके दोऱ्याने एकत्र बांधा आणि फुगवा. पट्टीची बाजू ताणली जात नाही, त्यामुळे फुगे बाहेर वाकतात आणि मध्ये फट पडते. हेच उघडे रंध्र. हवा सोडली की फट मिटते. मग मुलांना विचारा, आपण तर तोंडाने फुंकले, झाड कशाने फुंकते? उत्तर मुलांनाच शोधू द्या. चार मुलांना हातात हात घालून गोल उभे केले की दाराची चौकटही वर्गातच तयार होते. एकाने हात सोडला की दार उरत नाही, हे त्यांना सांगावे लागत नाही.

मामांनी पुढच्या उन्हाळ्यात नाल्याच्या अंगाने चर काढला. त्या वर्षीही पोळ्याच्या सुमारास पाऊस झाला, पण पाणी दोन दिवसांत निघून गेले. दिवाळीनंतर भेटले तेव्हा म्हणाले, "भाचेबुवा, यंदा त्या अंगाले पोतं नाई टाकलं. वावराले श्वास घेऊ देल्ला." एका वर्षाच्या एका शेतावरून नियम काढू नये, हे मलाही कळते. पण माझ्या मते मामांना जे समजले ते खरे होते. झाडाला आपण खाऊ घालत नाही, झाड स्वतः खाते. त्याचे दार त्यानेच उघडायचे असते. मुळाशी हवा आणि ओल नीट राखणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.